रतामाच्या झुडपाखाली : विश्वासात थकून गेलेल्यांसाठी



जे ही मालिका पहिल्यांदाच वाचत आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. मी कोलकात्यात राहतो. गाव श्रीरामपूर तालुक्यातले, अहमदनगर म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा. रेल्वेत नोकरी झाली, बदली होत होत इकडे आलो आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिलो. मी पास्टर नाही. मंडळीत वचन सांगतो, आणि आठवड्यातून एकदा मोबाइलसमोर बसून तुमच्याशी बोलतो. बोललेलेच इथे पुस्तकात घेतले आहे, थोडी भाषा सारखी करून.

आजचा विषय मी ठरवलेला नाही. सुरतेला राहणाऱ्या, मूळच्या खानदेशातल्या एका बहिणीचा निरोप आला. त्यांची परवानगी घेऊन, नाव न सांगता, तो इथे सांगतो. त्यांनी लिहिले होते: "ब्रदर, मिस्टरांचं काम सुटून दोन वर्षं झाली. सासूबाई अंथरुणावर आहेत. रोज प्रार्थना केली, उपास केले. आता प्रार्थनेला बसले की शब्दच येत नाहीत. मंडळीत गेले की सगळे विचारतात, सिस्टर, विश्वास धरताय ना? म्हणून जाणंच बंद केलं. मी देवाला सोडलं का?"

मी तीन वेळा उत्तर लिहिले आणि तीनही वेळा पुसले. पहिल्यांदा तर सवयीने दोन वचने लिहून खाली हात जोडल्याचे चित्र टाकले होते. ते पाठवले असते तर त्या म्हणाल्या असत्या, थँक्यू ब्रदर, आणि मोबाइल बाजूला ठेवला असता. म्हणून आज सविस्तर बोलू. पवित्र शास्त्र जवळ असेल तर १ राजे, अध्याय १९ काढा.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. अठराव्या अध्यायात कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी पडतो, बालाचे संदेष्टे हरतात, तीन वर्षांनी पाऊस येतो. संडे स्कूलमध्ये गोष्ट बहुधा तिथेच संपते. एकोणिसाव्या अध्यायात ईजबेल राणी फक्त एक निरोप पाठवते, की उद्या या वेळेपर्यंत तुझा जीव घेईन. कालपर्यंत राजासमोर न डगमगलेला हा मनुष्य एका निरोपाने पळत सुटतो. उत्तरेकडून थेट दक्षिणेला, यहूदातल्या बैरशेबापर्यंत. तिथून पुढे रानात एक दिवसाची वाट चालून एका रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि देवाजवळ मरण मागतो.

रताम हे वाळवंटातले झुडूप आहे. बारीक बारीक फांद्या, पाने जवळजवळ नाहीतच. त्याची सावली म्हणजे आपल्याकडच्या बाभळीपेक्षाही विरळ. पण त्या रानात दुसरे काही नाही, म्हणून माणूस तेवढ्या सावलीतही बसतो.

या अध्यायातले एक वाक्य मी कित्येक वर्षे वाचूनही पाहिले नव्हते. तिसऱ्या वचनात आहे की एलीयाने आपल्या सेवकाला बैरशेबात ठेवले आणि तो एकटा पुढे गेला. एवढेच. का ठेवले, ते लिहिलेले नाही. पण निराश झालेला माणूस सर्वांत आधी हेच करतो ना? सोबतच्या माणसाला कुठेतरी मागे ठेवतो. फोन उचलत नाही. मंडळीत शेवटच्या गीताच्या वेळी जातो आणि आशीर्वादाआधी निघतो, म्हणजे कोणाशी बोलावे लागत नाही. आणि मग देवाला सांगतो की मी एकटाच उरलो आहे. एलीयाने पुढे दोनदा हेच सांगितले आहे.

आता देव काय करतो ते पाहा. तो रागावत नाही. "कर्मेलवर एवढे पाहिलेस, तरी तुझा विश्वास कुठे गेला?" असे एका शब्दाने विचारत नाही. एलीया झोपतो, देव त्याला झोपू देतो. देवदूत येऊन त्याला हात लावतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे. तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खायला सांगतो आणि म्हणतो की पुढची वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे.

ही वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे, हे स्वर्गाने कबूल केले आहे, प्रियांनो. आपण मंडळीत मात्र थकलेल्या माणसाला हे कबूल करू देत नाही. साक्ष सांगायला उभा राहिला की त्याच्याकडून विजयाचीच साक्ष हवी असते.

आणि एलीयाने मागितलेल्या मरणाचे काय झाले? देवाने त्याला हो म्हटले नाही, नाही म्हटल्याचेही लिहिलेले नाही. २ राजे, अध्याय २ मध्ये हाच मनुष्य मरण न पाहता वर घेतला जातो. त्याची ही एक विनंती देवाने ऐकूनही जणू ऐकली नाही.

पुढचा भाग आपण सगळे आवडीने सांगतो. होरेब डोंगर, गुहा, मोठा वारा, भूकंप, अग्नी आणि त्यानंतरचा शांत, मंद स्वर. मीही यावर तीन वेळा संदेश दिला आहे, आणि तिन्ही वेळा असे सांगितले की तो स्वर ऐकून एलीयाची निराशा निघून गेली. नंतर नीट वाचल्यावर माझी मलाच लाज वाटली. कारण तसे तिथे लिहिलेलेच नाही. वाऱ्याच्या आधी देव विचारतो, एलीया, इथे काय करतोस? एलीया आपले गाऱ्हाणे सांगतो. मंद स्वरानंतर देव तोच प्रश्न पुन्हा विचारतो आणि एलीया तेच गाऱ्हाणे, त्याच शब्दांत, पुन्हा सांगतो. दहावे वचन आणि चौदावे वचन शेजारी शेजारी ठेवून पाहा. देवाची एवढी मोठी भेट झाली, पण त्याच्या मनात काही बदल झालेला दिसत नाही.

मग देव त्याला काम देतो. हजाएलाला अरामाचा राजा म्हणून अभिषेक कर, येहूला इस्राएलाचा राजा म्हणून, आणि अलीशाला तुझ्या जागी संदेष्टा म्हणून. शिवाय सांगतो की बालापुढे गुडघे न टेकलेले सात हजार लोक मी राखून ठेवले आहेत. या तीन कामांतले एलीयाच्या हातून किती झाले? एकच. तो खाली उतरला आणि बैलांच्या बारा जोड्यांनी नांगरट चालली होती तिथे, बाराव्या जोडीमागे असलेल्या अलीशावर त्याने आपला झगा टाकला. हजाएल आणि येहू यांची कामे पुढे अलीशाच्या काळात झाली. येहूचा अभिषेक तर अलीशाने पाठवलेल्या एका शिष्याने केला. म्हणजे ज्या माणसाने सेवकाला मागे ठेवले होते, त्याला देवाने भाकर दिली, झोप दिली, एक काम दिले आणि सोबतीला माणूस दिला. त्याचे मन कधी हलके झाले, ते शास्त्र सांगत नाही.

टिकून राहणे म्हणजे काय, याविषयी माझी समजूत या अध्यायाने बदलली. पण ती वाचून बदलली असे म्हटले तर खोटे होईल. त्यासाठी मला स्वतःला त्या झुडपाखाली बसावे लागले.

२०२१ चा मे महिना. गावाकडे माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला अण्णा म्हणायचो, कोविडने आजारी पडला. आमचे वडील लवकर गेले, त्यामुळे मला शिकवले ते अण्णाने. प्रार्थना करायला शिकवले तेही त्यानेच. पहाटे पाच वाजता अंगावरची वाकळ ओढून उठवायचा. त्याला दवाखान्यात बेड मिळायला दोन दिवस गेले. इथून मी फोन करत होतो, आमची सगळी मंडळी प्रार्थनेत होती, रात्रभराची साखळी प्रार्थना लावली होती. आठव्या दिवशी तो गेला. मला जाता आले नाही. पुतण्याने व्हिडिओ कॉल लावला, त्यात दफनविधी पाहिला. अर्ध्यातच नेटवर्क गेले आणि पडद्यावर एक चित्र थांबून राहिले, पास्टरांचा वर केलेला हात.

त्यानंतर साधारण सात महिने मी प्रार्थना केली नाही. करायची नाही असे काही ठरवले नव्हते, होतच नव्हती. जुने व्हिडिओ लोक पाहत होते, खाली आमेन लिहीत होते, आणि ते वाचून मला स्वतःचाच राग यायचा. बायको जेवणाआधी प्रार्थना करायची तेव्हा मी डोळे मिटून फक्त थांबायचो. एका ओळखीच्या बांधवाने फोनवर सांगितले की तुमच्या विश्वासात काहीतरी फट असेल म्हणून सैतानाला जागा मिळाली. मी ठीक आहे म्हटले आणि फोन ठेवला. तो मनाने वाईट नव्हता, आजही नाही. त्याला कोणीतरी तसेच शिकवले आहे.

आमच्या इथल्या मंडळीत एक वयस्कर बंगाली बांधव आहेत. बंगालीतही थोरल्या भावाला दादाच म्हणतात, तसे आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. निर्बंध थोडे उठल्यावर ते रविवारी संध्याकाळी घरी यायला लागले. येताना कागदाच्या ठोंग्यात मुडी आणायचे. मुडी म्हणजे आपले चुरमुरे. बायको चहा करायची. ते मला काही समजावत नसत. रेल्वेच्या, पावसाच्या, त्यांच्या गुडघ्याच्या गोष्टी व्हायच्या. निघताना म्हणायचे, आज मी एक स्तोत्र वाचतो, तुम्ही फक्त बसा. बंगालीत वाचायचे. मला निम्मे कळायचे. एकदा त्यांनी स्तोत्र ८८ वाचले. ते हेमानाचे स्तोत्र. इतर बहुतेक विलापगीते शेवटाकडे स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. ते अंधारावरच संपते. वाचून झाल्यावर मी विचारले, दादा, पुढे काही नाही? ते म्हणाले, नाही, एवढेच आहे, आणि हेही देवाने आपल्या पुस्तकात ठेवले आहे. चष्मा डबीत घातला आणि गेले.

नोव्हेंबरात त्यांनी मला एक काम सांगितले. वचन सांगा असे म्हणाले नाहीत. म्हणाले, उपासनेला खुर्च्या लांब लांब मांडायच्या असतात, माझे गुडघे चालत नाहीत, तुम्ही अर्धा तास आधी याल का? मी जाऊ लागलो. खुर्च्या मांडायचो आणि मागच्या रांगेत बसायचो. गीत म्हणायचो नाही.

डिसेंबरात एके दिवशी ते मला हावड्याहून लोकलने घेऊन गेले, त्यांच्या भाषेत श्रीरामपूरला. आपण त्याला सेरामपूर म्हणतो, इंग्रजांनी केलेले नाव. गावाचे खरे नाव श्रीरामपूरच. गाडीत बसल्यावर मला ते एकदम जाणवले आणि अण्णा आठवला. दोन गावांचा एकमेकांशी काही संबंध नाही, नुसते नाव सारखे. पण अर्ध्या पाऊण तासाच्या त्या प्रवासात मी खिडकीबाहेर तोंड करून रडलो, मे महिन्यानंतर पहिल्यांदा.

तिथे हुगळीच्या काठी विल्यम कॅरीच्या कामाच्या जागा आहेत, त्याने सहकाऱ्यांबरोबर १८१८ मध्ये स्थापन केलेले कॉलेज आहे आणि थोड्या अंतरावर त्याची कबर. कॅरीचे नाव आपण मराठी ख्रिस्ती लोकांनी ओळखीचे मानायला हरकत नाही. कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवत असे. वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्याने १८०५ मध्ये मराठी व्याकरण काढले, १८१० मध्ये मोडी लिपीत छापलेला मराठी-इंग्रजी कोश काढला, आणि १८११ मध्ये मराठी नवा करार सेरामपूरलाच छापून निघाला. आपल्या भाषेत छापलेले देवाचे वचन पहिल्यांदा आले ते महाराष्ट्रातून नव्हे, या बंगालच्या गावातून.

कॅरी १७९३ च्या नोव्हेंबरात कोलकात्याला उतरला. मूळचा चांभारकाम करणारा, शाळेत फारसा न गेलेला. पुढच्याच वर्षी त्याचा पाच वर्षांचा मुलगा पीटर हगवणीने मेला. पहिल्या बंगाली माणसाचा, कृष्ण पाल या सुताराचा, बाप्तिस्मा झाला तो १८०० सालच्या डिसेंबरात. मधली सात वर्षे हिशोबात धरली तर हाती शून्य. असे सात वर्षांचे शून्य आजच्या कोणत्या मंडळीला चालेल, मला सांगा. आपण तीन महिन्यांत अहवाल मागतो.

दादांनी मला तिथे जी गोष्ट सांगितली ती आगीची. ११ मार्च १८१२, बुधवार. कॅरी शिकवण्यासाठी कोलकात्याला गेलेला होता. संध्याकाळी छापखान्यात, कागद साठवलेल्या भागात आग लागली. विल्यम वॉर्डने दारे खिडक्या बंद करून घेतल्या, वरून पाणी ओतत राहिले, आग दबत आली होती. तेवढ्यात कोणीतरी खिडकी उघडली आणि वारा आत गेला. मध्यरात्रीपर्यंत छप्पर कोसळले. चौदा भाषांचे टाइप वितळले. कागदाचे गठ्ठे गेले. आणि ज्याची किंमत पैशात होत नाही ते गेले, हस्तलिखिते. भाषांतरांचे भाग, तेलुगू आणि पंजाबी व्याकरणांचे भाग, आणि कॅरीचा सर्वांत मोठा उद्योग, संस्कृताशी नाते असलेल्या भाषांचा एकत्र कोश. कित्येक वर्षांचे काम एका रात्रीत. दुसऱ्या दिवशी जॉशुआ मार्शमन बातमी सांगायला कोलकात्याला गेला.

राखेत काय सापडले? छापायची यंत्रे शेजारच्या जागेत असल्याने वाचली होती. आणि ढिगाऱ्यात अक्षरांचे पोलादी ठसे मिळाले, ज्यांवरून साचे करून टाइप ओततात. वितळलेला धातू गोळा केला, शेजारची रिकामी वखार घेतली आणि पुन्हा अक्षरे ओतायला सुरुवात केली. काही आठवड्यांतच छपाई सुरू झाली. बातमी इंग्लंडला पोचायला सप्टेंबर उजाडला; तिथल्या मंडळ्यांनी साधारण दोन महिन्यांत दहा हजार पौंडांच्या आसपास रक्कम जमवली. कॅरीने एका पत्रात लिहिले ते माझ्या शब्दांत सांगतो: एकदा चाललेली वाट दुसऱ्यांदा चालताना सोपी जाते आणि पाऊल कमी चुकते. पंजाबी व्याकरण त्याच वर्षी निघाले, तेलुगू व्याकरण १८१४ मध्ये.

उपदेशक ही गोष्ट इथे थांबवतात. पण तो मोठा कोश पुन्हा कधीच झाला नाही. आगीत गेला तो गेला. देवाने सर्व दुप्पट परत दिले असे ईयोबाच्या शेवटच्या अध्यायात आहे, कॅरीच्या चरित्रात नाही. आणि आणखी एक गोष्ट, जी मी पूर्वी कधी सांगत नसे. कॅरीची बायको डोरोथी. तिला भारतात यायचेच नव्हते. शेवटच्या क्षणी, बहिणीला सोबत घेऊन, ती निघाली. पीटर गेल्यावर तिचे मन बिघडले आणि १८०७ मध्ये मरेपर्यंत, बारा वर्षे, ती त्याच अवस्थेत होती. कधी कधी शेजारच्या खोलीत ती आक्रोश करत असे आणि इकडे कॅरी भाषांतर करत बसलेला असे. लोक हे त्याच्या चिकाटीचे उदाहरण म्हणून सांगतात. मला ते तसे सांगता येत नाही. त्या काळी अशा आजारावर उपचार नव्हते, हे खरे, आणि त्याने तिला घरातच सांभाळले, हेही खरे. पण विश्वासात टिकलेल्या माणसाच्या गोष्टीत त्याच्या घरच्यांनी काय भोगले, तेही मोजायला हवे. डोरोथी टिकली नाही असे म्हणणारे आपण कोण?

कबरीजवळ उभे असताना मी दादांना विचारले की कॅरीला निराशा आली नसेल का. ते म्हणाले, त्याच्या पत्रांत भरपूर आहे. मग म्हणाले, पण वॉर्ड होता, मार्शमन होता, हॅना मार्शमन होती, टाइप ओतणारा मनोहर होता. एकट्याला इंग्रजीत मिशनरी म्हणत असतील, आम्ही बंगालीत त्याला वेडा म्हणतो. आणि हसले. तो विनोद मला अजून पुरता कळलेला नाही, पण आठवतो.

परत आल्यावर मी पौलाचे तीमथ्याला लिहिलेले दुसरे पत्र वाचले. चौथा अध्याय. शर्यत पूर्ण केल्याची, विश्वास राखल्याची ती वचने आपण अंत्यविधीला वाचतो. त्याच्या खाली दोन बोटांवर काय आहे? त्रोवसात कार्पाजवळ राहिलेला माझा झगा घेऊन ये. पुस्तके आण. मार्काला सोबत आण. देमास मला सोडून गेला. हिवाळ्यापूर्वी ये. विश्वास राखलेला पौल थंडीत कुडकुडत होता आणि त्याने ते लपवले नाही. आशियात असताना आपण जगण्याचीही आशा सोडली होती, असेही त्याने करिंथकरांना उघड लिहिले आहे. २ करिंथ, पहिला अध्याय पाहा.

आता सुरतेच्या बहिणीकडे येतो. शेवटी मी त्यांना निरोप लिहिला नाही, फोन केला. मी म्हणालो, सिस्टर, "मी देवाला सोडलं का" असे ज्याला वाटून रडू येते त्याने देवाला सोडलेले नसते. सोडलेल्याला हा प्रश्न छळत नाही. शब्द येत नसतील तर स्वतःचे शब्द शोधू नका. रोज एक स्तोत्र मोठ्याने वाचा, मनात काही होवो न होवो. तेही जमले नाही तर नुसते बसा. रोमकरांस पत्रात, आठव्या अध्यायात, आत्मा आपल्यासाठी शब्दांविना कण्हतो असे लिहिले आहे, तेव्हा तो भार तुमच्या एकटीवर नाही. आणि जेवलात का, असे विचारले. त्या थांबल्या. मग म्हणाल्या, सासूबाईंचं उरकेपर्यंत तीन वाजतात, मग भूक राहत नाही. रात्री झोप? दोन तास. मी म्हणालो, आधी देवदूताने केले ते करू, मग होरेबचे बघू.

एक गोष्ट मी त्यांना स्पष्ट विचारली, आणि तुम्हालाही सांगतो. एलीयासारखे मरावेसे वाटते का? कोणाला आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही लागतो. त्यात विश्वासाची कमी नाही. सरकारची टेली-मानस नावाची मोफत सेवा आहे, १४४१६ या नंबरवर कधीही फोन करता येतो आणि मराठीतही बोलता येते. मंडळीत कोणी याला अविश्वास म्हणाले तर त्यांना मधुमेहाची गोळी कोण कोण घेते ते विचारा. त्या बहिणीने सांगितले की तसे वाटत नाही, पण फार थकले आहे.

मग मी विचारले, तुमचा सेवक बैरशेबात कोण? त्यांना कळले नाही. मी समजावले, की ज्यांना तुम्ही मागे ठेवलेत अशी कोणी दोन माणसे. बऱ्याच वेळाने त्यांनी एका बाईंचे नाव घेतले, त्यांच्याच गल्लीत राहणाऱ्या, त्यांच्याच मंडळीतल्या. सहा महिने त्यांना टाळत होत्या. मी म्हणालो, त्यांना एवढाच निरोप पाठवा, की मावशी, घरी या, पण विश्वासाचं विचारू नका.

या भागाचा व्हिडिओ टाकल्यावर अनेकांनी त्यांच्याविषयी विचारले, म्हणून लिहितो. मिस्टरांना अजून कायमचे काम नाही. अधूनमधून एका टेम्पोवर जातात. सासूबाई तशाच आहेत. मावशी दुपारी दोन तास येऊन सासूबाईंपाशी बसतात, तेवढ्यात ही जेवून झोपते. मागच्या महिन्यात एका रविवारी ती मंडळीत गेली. मागच्या बाकावर बसली, गीते म्हटली नाहीत. प्रभुभोजनाची भाकर मात्र घेतली, असे मावशींनी कळवले आहे.

अण्णाविषयीचा माझा प्रश्न अजून तिथेच आहे. दर रविवारी खुर्च्या मी मांडतो. दादांचे गुडघे आता अगदीच चालत नाहीत, त्यामुळे संध्याकाळी ठोंगा घेऊन मी त्यांच्याकडे जातो, आणि स्तोत्र मराठीत वाचतो. त्यांना निम्मे कळते.